फावला वेळ : खालची टाकी

नवे घर घ्यावयाचे ठरले की दिवाणखाना केवढा असावा, खिडक्या कोणत्या दिशेस असाव्यात, याविषयी घरातील प्रत्येकास मत असते. मोरी, माळा आणि अडगळीची खोली यांचा विचार मात्र बहुधा एकटी गृहिणीच करते. राहावयास गेल्यावर सहा महिन्यांत सर्वांना कळून येते, की घराचे सुख दिवाणखान्यावर कमी आणि या दृष्टीआडच्या जागांवर अधिक अवलंबून असते. खाऱ्या पाण्यातील माशांचे घरही याला अपवाद नाही. म्हणून या वेळच्या लेखात काचेच्या मोठ्या टाकीबद्दल थोडे आणि तिच्या खाली, लाकडी दारांआड लपलेल्या दुसऱ्या टाकीबद्दल अधिक लिहिणार आहे. छंदी मंडळी तिला ‘सम्प’ म्हणतात. आमच्या घरी ती ‘खालची टाकी’ या नावानेच ओळखली जाते.

आम्ही इंदूरला राहतो. येथून समुद्र शेकडो मैल दूर. नळाला येते ते नर्मदेचे पाणी. ते गाळणयंत्रातून शुद्ध करून, त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी क्षार मिसळून आम्ही आमचा समुद्र तयार करतो. (स्वयंपाकाचे मीठ या कामी मुळीच चालत नाही. समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी अनेक द्रव्ये असतात.) १९६० च्या सुमारास जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर सागरी प्राणी पाळून दाखविले होते. परंतु त्यांच्या जवळच समुद्र होता. आमच्यासारख्यांना समुद्राची उणीव हिशेबाने भरून काढावी लागते.

आमची पहिली टाकी ७५ सें.मी. लांब, ४० रुंद आणि ४० उंच होती. तीत ३५ सें.मी. पर्यंत पाणी भरले असता ते १०५ लिटर होई. खाली ४५ सें.मी. लांब व ३० रुंद अशी एक तयार टाकी बसविली होती. पाणी जितके अधिक तितके बरे, असे कोठेसे ऐकले होते. त्यामुळे ही खालची टाकी आम्ही काठापासून चार सें.मी. सोडून भरत असू. तीन वर्षे सर्व सुरळीत चालले. मग मे महिन्यातील एका रात्री दोनच्या सुमारास वीज गेली.

पंप थांबला, पाणी मात्र थांबले नाही. खालचे पाणी वर नेणाऱ्या नळीचे तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली सात सें.मी. होते. पंप बंद होताच तीच नळी सायफन बनली आणि पाणी उलटे खाली ओढू लागली. नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत एकवीस लिटर पाणी खाली आले. खाली रिकामी जागा होती साडेपाच लिटरांची. उरलेले पंधरा-सोळा लिटर खारे पाणी जमिनीवर पसरून विजेच्या फळीपर्यंत पोहोचले. वीज नव्हती म्हणूनच मोठा अनर्थ टळला. आम्ही सारे गच्चीवर निजलो होतो. पहाटे पाहिले तेव्हा पाच माशांपैकी तीन मेलेले होते. पाणी तापलेले आणि निश्चल, त्यात प्राणवायू कोठून असणार? वाचली ती विदूषक माशांची जोडी. आमच्या कन्येने त्यांना पहिलीत असल्यापासून खाऊ घातले होते. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही आणि कोणी तिला जा म्हणालेही नाही.

मोठी टाकी घेण्याचा निश्चय त्यानंतरचा. ती हौसेखातर घेतली असे शेजारी म्हणतात. खरे कारण निराळे आहे. पाणी थोडे असले की प्रत्येक चूक मोठी होते. एखादा मासा मरून कोपऱ्यात कुजला, तर त्यातून सुटणारा अमोनिया १०५ लिटरांत जितका घातक ठरेल, त्याच्या चौथाईनेच तो ४४० लिटरांत भासेल. ऊन वाढले तर मोठे पाणी सावकाश तापते. मोठ्या टाकीने चुका टळत नाहीत, परंतु त्या सुधारण्यास वेळ मिळतो.

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. नव्या टाकीचा आराखडा मी त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी वरच्या टाकीकडे पाहिलेच नाही. ते म्हणाले, “सूनबाई, धरण बांधताना आम्ही पाणी किती मावेल हे नंतर पाहत असू. पुराच्या रात्रीसाठी रिकामी उंची किती ठेवायची, ते आधी ठरत असे. तुमच्या खालच्या टाकीत रिकामी जागा किती?” त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मग पुढचे आठ दिवस जेवणानंतर मामंजी, आमची कन्या आणि मी, तिघे वही घेऊन बसलो. तो हिशेब वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देते.

वरची टाकी १२० सें.मी. लांब, ६० रुंद व ५५ उंच. पाणी ५० सें.मी., म्हणजे ३६० लिटर. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ७,२०० चौरस सें.मी. असल्याने पाण्याची पातळी एक सें.मी. उतरली की ७.२ लिटर पाणी खाली येते. नळीचे तोंड पाण्याखाली पाच सें.मी. धरले, तर वीज जाताच ३६ लिटर उतरणार. नळ्यांत आणि सांडव्याच्या पेटीत असलेले आणखी आठ लिटर त्यात मिळवावे. एकूण ४४ लिटर.

नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडले असता त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. असे भोक अवश्य पाडावे, पण हिशेबात ते धरू नये. शेवाळाने ते बुजते, आणि नेमके नको त्या रात्री बुजलेले असते.

खालची टाकी ९० सें.मी. लांब, ४५ रुंद व ४५ उंच. काठोकाठ भरल्यास ती १८२ लिटरांची. परंतु आम्ही तीत पाणी ठेवतो २५ सें.मी. पर्यंतच, म्हणजे १०१ लिटर. काठाखाली दोन सें.मी. सोडले तरी मध्ये १८ सें.मी. रिकामे राहतात. त्यांत ७३ लिटर पाणी मावते. उतरणार ४४, मावणार ७३. मामंजींनी वहीत या दोन आकड्यांखाली दुहेरी रेघ ओढली.

आता खालच्या टाकीच्या आतील रचना पाहू. उभ्या काचांचे आडपडदे बसवून तिचे तीन कप्पे करतात. वरून सांडव्यावाटे येणारे पाणी पहिल्या कप्प्यात पडते. तेथे कापडी पिशवी किंवा कापसाचा थर गाळ अडवतो. हा थर तीन-चार दिवसांनी बदलला नाही, तर अडलेला गाळ तेथेच कुजून पाणी बिघडवू लागतो. त्याच कप्प्यात स्किमर नावाचे उपकरण असते. वादळी दिवसांत समुद्रकिनाऱ्यावर पिवळसर फेस साचलेला पुष्कळांनी पाहिला असेल. पाण्यातील सेंद्रिय मळ हवेच्या बुडबुड्यांना चिकटून वर येतो, त्याचाच तो फेस. स्किमर हेच काम नळकांड्यात करतो. त्याला पाण्याची खोली कायम एकसारखी लागते. म्हणून निर्मात्याने सांगितलेली खोली पाहून मगच पहिल्या आडपडद्याची उंची ठरवावी. आधी टाकी करून घेणे आणि मग तीत बसेल असा स्किमर शोधणे, हा उलटा व्यवहार होय.

मधल्या कप्प्यात आम्ही दोऱ्यासारखे हिरवे शेवाळ वाढवितो. माशांच्या मळातून होणारी नायट्रेट व फॉस्फेट ही द्रव्ये ते खाते, आणि वाढलेले शेवाळ काढून टाकले की ती द्रव्ये पाण्याबाहेर जातात. त्याचा दिवा रात्री लावतो. वरची टाकी अंधारात असताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून त्याची आम्लता वाढू पाहते. शेवाळ तेव्हा प्रकाशात असल्यास तो वायू शोषून घेते.

तिसरा कप्पा पंपाचा. पाणी सतत उडून जाते, आणि ती घट फक्त याच कप्प्यात दिसते, कारण इतर कप्प्यांची पातळी आडपडद्यांनी बांधलेली असते. इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसाला पाच लिटरपर्यंत पाणी उडते. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. म्हणून भर घालावयाची ती नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची. हे काम तरंगत्या खटक्याकडे सोपविता येते. पातळी उतरली की तो शेजारच्या डब्यातील गोडे पाणी आत सोडतो. आम्ही हा डबा २० लिटरांचा आणि पंपाचा कप्पा २५ सें.मी. रुंद ठेवावयाचा बेत केला होता.

येथे आमच्या कन्येने अडविले. ती म्हणाली, “आजोबा, खाली येणारी नळीच तुंबली तर?” मामंजी म्हणाले, “मग पंप त्याच्या कप्प्यातले पाणी वर नेईल आणि कप्पा रिकामा झाला की थांबेल. अठ्ठावीस लिटर. वर पाच सें.मी. मोकळे आहेत, त्यांत छत्तीस मावतात.” “पण कप्पा रिकामा झाला की खटक्याला वाटेल पाणी उडाले, आणि तो गोडे पाणी सोडील. मग अठ्ठावीस अधिक वीस?” अठ्ठेचाळीस लिटर होतात. ते छत्तीस लिटरांच्या जागेत मावत नाहीत. आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि कप्प्याच्या आकृतीवर फुली मारली. पंपाचा कप्पा २० सें.मी. रुंद केला, त्यात साडेबावीस लिटर पाणी राहते. डबा बारा लिटरांचा केला. दोन्ही मिळून साडेचौतीस. लहान डब्याचा आणखी एक लाभ असा, की खटका अडकून तो सबंध रिकामा झाला तरी ४४० लिटर पाण्याची क्षारता हजारी ३५ वरून ३४ वरच येते, आणि प्राण्यांना ते सहन होते. डबा शंभर लिटरांचा असता तर ती २९ च्याही खाली गेली असती. परगावी जाताना डबा भरण्याचे काम शेजाऱ्यांवर सोपवावे लागते हे खरे, पण शेजारी असतात तरी कशासाठी?

सांडव्यातून खाली येण्यास तीन नळ्या ठेविल्या आहेत. पहिली पूर्ण भरून, आवाज न करता वाहते. तिच्यावरील झडपेने प्रवाह बेताचा करता येतो. दुसरीतून उरलेली बारीक धार जाते. तिसरी नेहमी कोरडी असते. पहिल्या दोन्ही तुंबल्या तर सारा प्रवाह एकट्या तिसरीने वाहून नेला पाहिजे. ही तिसरी नळी बसविताना कारागीर म्हणाला, की ही फुकट आहे. धरणाच्या आणीबाणीच्या दरवाजांबद्दलही लोक असेच म्हणत, असे मामंजींनी त्याला सांगितले. काचेस भोके पाडावयाची असल्यास काच साधी असावी. कडक केलेली काच भोक पाडताच चुरा होते.

आणखी चार गोष्टी थोडक्यात सांगते.

पहिली वजनाची. पाणी, काच, खडक, वाळू, खालची टाकी आणि लोखंडी घडवंची मिळून हे सारे सुमारे ७०० किलो भरले, आणि तेही पाऊण चौरस मीटरहून कमी जागेवर. राहत्या खोल्यांची जमीन भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात. आमचे घर तळमजल्यावर आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी टाकी मागविण्यापूर्वी बांधकामाच्या जाणत्या अभियंत्यास जागा दाखवावी.

दुसरी विजेची. पाण्याच्या पातळीहून उंच आणि बाजूच्या भिंतीवर विजेची फळी असावी. प्रत्येक तार आधी खाली झोळ खाऊन मग वर फळीत जावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळापाशीच गळून पडते. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसविल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नये.

तिसरी उष्णतेची. पंप आणि दिवे पाणी तापवितात. खालच्या टाकीवरून पंख्याचा वारा सोडल्यास पाणी उडून गारवा येतो. ४४० लिटरांतून एक लिटर पाणी उडाले तर उरलेले सुमारे सव्वा अंशाने निवू शकते. पण इंदूरचा मे महिना पंख्याला दाद देत नाही, तेव्हा पाणी थंड करणारे यंत्र लागते. त्याचा आणि वीजबिलाचा खर्च आधी धरावा.

चौथी जागेची. घडवंचीच्या दारातून खालची टाकी आत जाते, एवढेच पाहू नये. वरची टाकी न हलविता ती बाहेरही निघाली पाहिजे. स्किमर वर उचलून काढावयास जागा उरते की नाही, तेही मोजावे.

आता टाकीतील रहिवाशांविषयी. प्रवाळभित्तीचे मत्स्यालय म्हटले की रंगीबेरंगी प्रवाळ हवेत असे सर्वांस वाटते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, काळी पोवळी आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. मालवण असो, मन्नारचे आखात असो, लक्षद्वीप असो वा अंदमान, सहलीची आठवण म्हणून पोवळ्याचा तुकडाही उचलून आणू नये. विदेशी प्रवाळांबाबत २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे नियम घातले आहेत. ते वनखात्याकडे विचारून घ्यावेत, आणि विक्रेता कागदपत्रे दाखवीत नसेल तर तेथून परत फिरावे. आमच्या टाकीतील खडक सिमेंट व वाळूचे, कित्येक आठवडे पाण्यात मुरविलेले आहेत. विदूषक मासे तर आपल्याकडील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बंदिस्त पाण्यात पैदा करून दाखविले आहेत. तेव्हा असे पैदाशीचे मासे मागावेत. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा ते टाकीत अधिक रुळतात.

पाणी एक-दोन अंश अधिक तापून तसेच काही आठवडे राहिले, की प्रवाळ आपल्या अंगातील शेवाळ गमावून पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले, आणि २०२४ साली जगभरच्या प्रवाळांवर चौथ्यांदा हेच संकट आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. आमच्या टाकीला पंखा आहे, थंड करणारे यंत्र आहे. समुद्राला यांपैकी काही नाही. ही टाकी पाहून आमच्या कन्येच्या मैत्रिणींना एवढे जरी उमगले, तरी आमचा खर्च वसूल झाला असे मी मानते.

स्थलांतर मात्र घाईने करू नये. नवी टाकी प्रथम साध्या पाण्याने भरून दोन दिवस गळती पाहावी. मग खारे पाणी भरून, जुन्या टाकीतील थोडे मुरलेले खडक तीत ठेवून महिना-सव्वा महिना थांबावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे तपासणीत दिसले, की मगच मासे हलवावेत. जुनी वाळू नेऊ नये. ती ढवळताच वर्षांचा साचलेला मळ पाण्यात मिसळतो.

मासे हलविण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम वीज बंद केली. मामंजींनी नळीचे बारीक भोक चिकटपट्टीने बुजविले, म्हणजे परीक्षा कठीणातील कठीण व्हावी. पाणी गुळगुळ आवाज करीत उतरू लागले. कन्या बॅटरीचा दिवा घेऊन खालच्या टाकीपाशी बसली होती. पाणी २५ वरून ३० वर आले, ३४ वर आले, आणि ३६ वर थांबले. तिने काचेवर तेथे तांबड्या रंगाची रेघ मारली. हीच परीक्षा आम्ही दहा वेळा घेतली. दहाही वेळा पाणी रेघेखालीच राहिले.

मृगाच्या पहिल्या पावसात खरोखरच वीज गेली. कोणी उठले नाही. वीज नसता चालणारा हवेचा लहान पंप तेवढा चालू होता. सकाळी भिंतीवरच्या विजेच्या घड्याळाचे आकडे लुकलुकत होते, त्यावरून रात्री काय झाले ते कळले. जमीन कोरडी होती. विदूषक माशांची जोडी काचेपाशी येऊन खाऊची वाट पाहत होती.